मस्टरवर नसलेला माणूस

ज्याँ-पिएर आणि ल्युक दार्देन या बेल्जियन भावांच्या 'ला प्रोमेस' (१९९६) या चित्रपटात सुरुवातीच्या भागातच एक अपघात होतो. सेरँ या गावात एका घराचं काम चालू आहे. कामावरची बरीचशी माणसं परदेशातून आलेली, कागदपत्रं नसलेली. कामगार खात्याचे निरीक्षक येतायत अशी खबर लागते. मुकादमाचा पंधरा वर्षांचा मुलगा इगोर धावत सुटतो आणि सगळ्यांना पळायला सांगतो. बुर्किना फासोहून आलेला हमिदू घाईघाईत उतरताना परांचीवरून कोसळतो. पायातून रक्त वाहतंय. इगोर स्वतःचा पट्टा काढून तो पाय आवळून बांधतो. हमिदू त्याच्याकडून वचन घेतो: माझ्या बायकोकडे आणि बाळाकडे बघ. निरीक्षक असेपर्यंत हमिदूला झाकून ठेवतात. ते गेल्यावर इगोरचा बाप, रोजे, येतो. इगोर म्हणतो, दवाखान्यात नेऊ. रोजे पट्टा सोडून टाकतो. हमिदू मरतो आणि त्याच बांधकामात गाडला जातो.

'ला प्रोमेस' म्हणजे वचन. या चित्रपटाने दार्देन बंधूंचं नाव बेल्जियमबाहेर नेलं. तीनच वर्षांनी त्यांच्या 'रोझेटा'ला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. 'ला प्रोमेस'बद्दल लिहिणारे बहुतेक जण इगोरबद्दल लिहितात. खोटं बोलण्यात तरबेज झालेला मुलगा खरं बोलायला कसा शिकतो, ही त्यांची गोष्ट. ते वाचन बरोबरच आहे. पण दुसऱ्यांदा बघताना मला सारखं वाटत राहिलं की यातली मुख्य भानगड नोंदीची आहे. कोण कुणाची नोंद ठेवतं, कशासाठी ठेवतं, आणि माणूस पडल्यावर ती नोंद कुणाच्या कामाला येते? हा प्रश्न चित्रपट फार धीटपणे विचारतो. आणि उत्तराच्या जवळ आल्यावर, माझ्या मते, थोडा कच खातो.

आधी कामाबद्दल. फ्रेंचमध्ये याला 'काळं काम' म्हणतात. जर्मन, डच, इटालियन या भाषांतही रंग काळाच. पण यात काम काळं नसतं. भिंत बांधणं, फरशी पुसणं, टोमॅटो तोडणं, म्हाताऱ्या माणसाला आंघोळ घालणं, ही सगळी रीतसर कामं आहेत. ती फक्त सरकारला कळवलेली नसतात. त्यामुळे कर नाही, विम्याचा हप्ता नाही, किमान वेतन नाही, कामाच्या तासांना मर्यादा नाही. चोरटी दारू किंवा अमली पदार्थ यांच्यापेक्षा हे प्रकरण वेगळं आहे ते इथेच. आपल्याकडे दुकानदार 'कच्चं बिल देऊ की पक्कं?' असं विचारतो, त्याच जातकुळीतली ही गोष्ट.

युरोपात सगळं पक्क्या बिलावर चालतं, असा आपल्यातल्या अनेकांचा समज असतो. तिथे गेलेल्या मित्रमैत्रिणींचे फोटो बघून तो आणखी पक्का होतो. प्रत्यक्षात श्रीमंत देशांतही हा व्यवहार सगळीकडे आहे, आणि तो करणारे फक्त स्थलांतरित नसतात. शनिवार-रविवारी रोखीने रंगकाम करणारा कारागीर, घरी येऊन केस कापणारी बाई, शिकवण्या घेणारा शिक्षक हे बहुतेक त्याच देशाचे नागरिक असतात. त्यांच्यात आणि गिऱ्हाइकात अळीमिळी गुपचिळी असते. गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात, कारागिराचा कर वाचतो. हे सौम्य टोक झालं. दुसऱ्या टोकाला हमिदू आहे. त्याला पक्कं बिल मागण्याची सोयच नाही, कारण तो स्वतःच त्या देशाच्या कागदावर नाही. रोजेचा सगळा धंदा या फरकावर उभा आहे.

रोजे कुणी मोठा भांडवलदार नाही, ही दिग्दर्शकांची पहिली चांगली निवड. सेरँ हे लिएज शहराला लागून असलेलं पोलादाचं गाव. जॉन कॉकरिल या उद्योजकाने १८१७ साली तिथे कारखाना काढला आणि पुढची दीडशे वर्षं गाव त्याच्यावर जगलं. १९७० च्या दशकापासून पोलाद उद्योगाला उतरती कळा लागली. दार्देन बंधू याच परिसरात वाढले, आणि कथापटांकडे वळण्याआधी इथल्या कामगारांवर त्यांनी माहितीपट केले होते. रोजे हा या पडझडीतून वर येऊ पाहणारा माणूस आहे. जुनी व्हॅन, एक पडका वाडा, त्यात भाड्याने ठेवलेले परदेशी लोक, आणि स्वतःसाठी बांधायला घेतलेलं मोठं घर. कधीकाळी ज्या गावात युनियन होती, पगाराची चिठ्ठी होती, त्याच गावात आता रोजे स्वतः नोंदवही झालाय.

कारण नोंद आहेच. 'नोंद नसलेलं काम' हा शब्दच थोडा फसवा आहे, हे या चित्रपटाने मला शिकवलं. रोजेला प्रत्येकाचं सगळं माहीत आहे: कोण कुठल्या खोलीत राहतो, भाडं किती, गॅस किती, कुणाकडून किती येणं. इगोर खोल्याखोल्यांतून वसुली करत फिरतो. खोटे कागद तयार करण्यातही त्याचा हात आहे. हा गॅरेजमध्ये उमेदवारी करणारा मुलगा बापाचा कारकून आहे. या माणसांबद्दलची माहिती सरकारकडे नाही, पण ती अस्तित्वातच नाही असं नाही. ती चोख आहे, रोजच्या रोज भरली जाते, आणि एकाच माणसाच्या हातात आहे. ज्यांच्याबद्दल ती आहे त्यांना ती बघता येत नाही, बदलता येत नाही, कुणाला दाखवता येत नाही. एकदा रोजे चार-पाच माणसांना अमेरिकेला पाठवतो असं सांगून पोलिसांच्या हवाली करतो. वरच्यांना दाखवायला आकडा हवा असतो. म्हणजे सरकारी नोंदीतही ही माणसं येतात, पण कामगार म्हणून नाही. पकडलेले म्हणून.

मग पट्ट्याचा प्रसंग. रोजे क्रूर आहे म्हणून तो पट्टा सोडत नाही. चित्रपटात तो मुलावर मनापासून प्रेम करणारा बाप आहे. दोघं एकत्र गाणं म्हणतात, त्याने इगोरला अंगठी दिलीये. तो पट्टा सोडतो कारण दवाखान्यात पहिला प्रश्न नावाचा असतो आणि दुसरा 'कुठे पडला?' हा. जखमी माणसाला वाचवणं म्हणजे त्याची नोंद करणं, आणि त्याची नोंद करणं म्हणजे स्वतःला अडकवून घेणं. रोजे हे गणित काही क्षणांत सोडवतो.

हे कुणाला पटकथेसाठी रचलेलं वाटेल. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला, लातिना प्रांतातल्या एका शेतावर भारतातून गेलेल्या, करार नसलेल्या एका शीख मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी त्याच्या घराजवळ आणून सोडलं. तुटलेला हात फळांच्या पेटीत घालून ठेवला होता. दोन दिवसांनी रोमच्या रुग्णालयात तो वारला. शेताच्या मालकाला पुढे खुनाच्या आरोपाखाली अटक झाली, इटलीत निदर्शनं झाली, पंतप्रधानांनी निषेध केला. मला ती बातमी वाचताना पहिल्यांदा रोजे आठवला. अठ्ठावीस वर्षांनी, दुसऱ्या देशात, त्याच गणिताचं तेच उत्तर.

इटलीतल्याच आणखी एका गोष्टीने मला विचार करायला लावलं. तिथल्या अपघातांच्या नोंदींत 'कामाच्या पहिल्याच दिवशी' जखमी झालेल्यांचं प्रमाण संशय यावा इतकं होतं. नवखेपणाने अपघात होतात हे खरं, पण खरी मेख वेगळी होती. माणूस महिनोन् महिने नोंदीशिवाय राबायचा. तो पडला की मालक घाईने त्याची भरती दाखवायचा, आणि कागदावर तो त्याच दिवशी कामाला लागलेला असायचा. म्हणून १ जानेवारी २००७ पासून नियम आला की कामगार रुजू होण्याच्या आदल्या दिवशीच सरकारला कळवायचं. मी पुण्यात बसून परदेशी ग्राहकांसाठी हजेरी आणि पगाराच्या सॉफ्टवेअरवर काम करते. 'रुजू होण्याची तारीख' हा आमच्याकडे एक सक्तीचा रकाना आहे. तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. इटलीतला हा किस्सा कळल्यापासून त्या रकान्याकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. तारीख खरी आहे की नाही हे प्रणालीला कळत नाही. ती केव्हा भरली गेली एवढंच तिला कळतं, आणि कधीकधी तेवढ्यावरूनच खोटं पकडलं जातं.

या विषयावरच्या आणखी दोन कलाकृतींशेजारी 'ला प्रोमेस' ठेवला की त्याची निवड नीट दिसते.

पहिली, केन लोच यांचा 'रिफ-रॅफ' (१९९१). लंडनमधलं एक बंद पडलेलं रुग्णालय, त्याचे श्रीमंतांसाठी फ्लॅट होतायत, आणि कामावरचे मजूर खोट्या नावांनी राबतायत, कारण खऱ्या नावावर बेकारभत्ता चालू आहे. इथे नाव लपवणारे स्वतः मजूरच आहेत आणि कंत्राटदाराला ते सोयीचं आहे. पटकथा लिहिणारे बिल जेसी यांनी स्वतः बांधकामावर काम केलं होतं. चित्रपट पूर्ण होण्याआधीच ते वारले. लॅरी नावाचा मजूर सुरक्षेबद्दल तोंड उघडतो आणि त्याला काढून टाकतात. मग व्हायचं तेच होतं. लॅरीची भूमिका करणारे रिकी टॉमलिन्सन हे मुळात गिलावा करणारे कामगार. १९७२ च्या ब्रिटिश बांधकाम मजुरांच्या संपात ते होते. नोंदीशिवाय, रोखीने मजूर लावण्याची पद्धत बंद करा, ही त्या संपाची एक मागणी होती. त्या संपातल्या निदर्शनांवरून त्यांना तुरुंगवास झाला आणि ती शिक्षा न्यायालयाने २०२१ साली रद्द केली. या माणसाच्या तोंडी सुरक्षेचा संवाद आला की तो संवाद राहत नाही. 'रिफ-रॅफ'मध्ये विनोद आहे, गप्पा आहेत, एकमेकांची टिंगल आहे. मजुरांना एकमेकांची खरी नावं ठाऊक आहेत. म्हणजे सरकार आणि कंत्राटदार यांच्या पलीकडे तिसरी एक नोंद आहे, आणि ती मजुरांची आपसातली आहे.

दुसरी, ग्युंटर वालराफ या जर्मन पत्रकाराचं १९८५ सालचं 'गान्त्स उंटन', म्हणजे 'पार तळाशी'. वालराफने काळी कॉन्टॅक्ट लेन्स आणि केसांचा टोप लावून, अली नावाचा तुर्की मजूर बनून दोन वर्षं कामं केली. त्यातला सर्वात गाजलेला भाग डुइसबर्गच्या थिसेन पोलाद कारखान्यातला. कारखान्याने काम एका कंत्राटदाराला दिलेलं, त्याने दुसऱ्याला, आणि अली त्या दुसऱ्याकडे. सगळ्यात घाण काम त्याच्या वाट्याला येतं आणि सगळ्यात वरचा मालक नामानिराळा राहतो. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या, चौकश्या झाल्या, तुर्की कामगारांबद्दल जर्मनीत पहिल्यांदाच एवढी चर्चा झाली. याचं महत्त्व मला कमी करायचं नाही. पण त्यातला अली मोडकं जर्मन बोलणारा, भोळा, समोरच्याचा दुष्टपणा उघडा पाडण्यापुरता आहे. खऱ्या तुर्की कामगारांकडे हुशारी होती, राजकारण होतं, संघटना होत्या. आणि वालराफ कधीही लेन्स काढून घरी जाऊ शकत होता. त्याच्या एकट्याच्या साक्षीला पुस्तकाची किंमत आली; त्याच्याशेजारी राबणाऱ्यांच्या साक्षीला तेवढी कधी आली नव्हती.

वालराफने मजुराच्या जागी स्वतःला ठेवलं. लोच मजुरांच्या गराड्यात बसले. दार्देन बंधूंनी कॅमेरा कारकुनाच्या मानेमागे नेला. मला हीच जागा सर्वात प्रामाणिक वाटते, कारण बघणारे आपण बहुतेक जण तिथेच असतो. आपण परांचीवर नसतो आणि मालकही नसतो. आपल्याला हिशेब माहीत असतो, थोडासा फायदा मिळत असतो, आणि जे घडतंय त्याला आपण 'पद्धतच आहे' म्हणतो. इगोरला दोष देताना प्रेक्षकाला स्वतःला वगळता येत नाही.

पण याच जागेची एक किंमत आहे, आणि चित्रपटाचं कौतुक करणारे ती मोजत नाहीत. हमिदू मेल्यावर गोष्ट इगोरच्या मनात शिरते. हमिदूची बायको असिता चित्रपटभर आहे. ती खंबीर आहे, कुणासमोर वाकत नाही. पण तिच्या वाट्याला आलेलं ज्ञान बघा: कोंबडीची आतडी पाहून नवऱ्याचा माग काढणं, बाळाच्या आजारपणात पूर्वजांचा कोप शोधणं. हे तिच्या संस्कृतीचा आदर म्हणून आलंय हे मान्य. तरी वाटणी डोळ्यांत भरते. हिशेब बाप-लेकाकडे, अंतर्ज्ञान तिच्याकडे. रोजे तिला सांगतो की हमिदू जुगाराच्या कर्जापायी पळालाय, म्हणजे तिच्यासमोर खोटा हिशेब ठेवतो. हमिदूची मजुरी किती झाली, किती थकली, त्याच्या जिवाची भरपाई कुणी द्यायची, हे प्रश्न तिच्यासाठी जीवनमरणाचे आहेत. चित्रपट त्यांच्याजवळून जातो, थांबत नाही. इगोर बापाने दिलेली अंगठी विकून तिच्या प्रवासाचे पैसे उभे करतो. दृश्य सुंदर आहे. पण जे तिचं हक्काचं देणं होतं, ते एका मुलाच्या चांगुलपणातून आल्यासारखं दिसतं.

ते खरंच हक्काचं होतं. बेल्जियमचा कामावरच्या अपघातांचा कायदा १९७१ चा आहे. मालकाने विमा काढला नसेल, कामगाराची नोंद केली नसेल, तरी भरपाईचा हक्क संपत नाही. सरकारी निधीतून ती देता येते आणि मग मालकाकडून वसूल होते. म्हणजे हमिदूने इगोरकडून जे वचन घेतलं, तसलंच वचन कायद्याने आधीच दिलेलं होतं. २००९ साली युरोपीय संघाने याहून पुढचा निर्देश काढला: कागदपत्रं नसलेल्या कामगाराची मजुरी थकली असेल, तर उलट पुरावा नसल्यास तो निदान तीन महिने कामावर होता असं धरून चालायचं. नोंद नसल्याचा फायदा मालकाला मिळू नये, एवढा साधा विचार त्यात आहे.

मग ही वचनं पाळली का जात नाहीत? याचं उत्तर चित्रपटाच्या पहिल्या भागातच आहे, आणि तिथे चित्रपट अचूक आहे. ज्या निरीक्षकांनी हमिदूचं रक्षण करायचं, त्यांच्याच भीतीने तो पळतो आणि पडतो. कामगार म्हणून तुमचा हक्क मागायला गेलात, तर परदेशी म्हणून तुम्हाला हाकलतील. तपासणी आणि हकालपट्टी एकाच गाडीतून येणार असतील, तर मजूर मुकादमाच्या बाजूला उभा राहणार, कारण त्या क्षणी त्याला वाचवणारा तोच दिसतो. रोजेची खरी ताकद इथे आहे.

बेल्जियमने नंतर नोंदीचं काम जवळपास पूर्ण डिजिटल केलं. २००३ पासून बहुतेक सगळ्या मालकांना कामगार रुजू होताच ऑनलाइन कळवावं लागतं. २०१४ पासून मोठ्या बांधकामांवर रोज कोण हजर आहे, याचीही इलेक्ट्रॉनिक नोंद लागते. माझ्या पेशातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं. पण २०२२ मध्ये अँटवर्प बंदरात एका रसायन कारखान्याच्या बांधकामावर फिलिपिन्स आणि बांगलादेशातले पंचावन्न कामगार सापडले, आणि पुढे तो आकडा वाढत गेला. त्यांना महिन्याला साधारण साडेसहाशे युरो मिळत होते, कायदेशीर वेतनाच्या कितीतरी खाली. हे काही पडक्या वाड्यात लपलेले लोक नव्हते. ते एका प्रचंड, कुंपण घातलेल्या, नियमांनी बांधलेल्या प्रकल्पावर होते. मधे कंत्राटदारांची साखळी होती. आजच्या रोजेला मस्टर रिकामं ठेवायची गरज नाही. त्याला ते भरता येतं.

म्हणून 'ला प्रोमेस' जुना झालाय, असं मात्र मला वाटत नाही. नोंद कुणाच्या हातात, हा त्याचा प्रश्न सॉफ्टवेअर आल्याने सुटलेला नाही. आमच्या पडद्यावर मालकाचं लॉगिन असतं, अधिकाऱ्याचं असतं. कामगाराला स्वतःची नोंद बघता यावी, 'हे खोटं आहे' असं परिणामांच्या भीतीशिवाय म्हणता यावं, हे रकाने वाढवून होत नाही. त्यासाठी आधी तक्रार करणाऱ्याला देशात राहू द्यावं लागतं.

आता शेवटाबद्दल. असिता इटलीतल्या नातेवाइकांकडे निघालीये. स्टेशनवर ती जिना चढत असताना इगोर मागून सांगतो की हमिदू मेलाय, परांचीवरून पडला, बापाला दवाखान्यात न्यायचं नव्हतं. ती थांबते, वळते, आणि गाडीकडे न जाता परत चालू लागते. इगोर सामान घेऊन तिच्या मागे जातो. संगीत नाही, संवाद नाही, चित्रपट संपतो. या दृश्याला इगोरची सुटका म्हणण्याची प्रथा आहे. मी सुचवेन की ते एकदा फक्त असिताकडे बघून पाहा. इतका वेळ तिच्याकडे संशय होता, कौल होता, रोजेने दिलेली खोटी कारणं होती. आता पहिल्यांदाच तिच्याकडे नवऱ्याच्या मरणाचं कारण आहे, आणि ते सांगू शकणारा साक्षीदार सामान घेऊन तिच्या मागून चालतोय. ती कुठे जाते हे दार्देन बंधू दाखवत नाहीत. पोलिसात गेली तर तिलाच देशाबाहेर काढतील, ही भीती तशीच आहे. तरी ती गाडी सोडते. हमिदूच्या मजुरीचा प्रश्न जो चित्रपटाने विचारला नाही, तो विचारायला ती निघाली असावी, असं मला वाटतं.